४ टक्के भारतीय, एक जनुक आणि बदललेलं लेबल: तुमचा डीएनए रिपोर्ट नेमका ठरतो कसा?

९ जानेवारी २०२५ ला ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचा डेटा संशोधकांसाठी खुला झाला. २० संस्थांनी मिळून देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले आणि तो सगळा डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवला. बातमी एक-दोन दिवस चालली, रील्स आले, ‘भारताची जनुकीय कुंडली’ वगैरे मथळे झाले आणि फीड पुढे सरकलं.

पण या डेटाचा उपयोग काय? ‘नवीन औषधं शोधायला’ हे उत्तर बरोबर असलं तरी खूप दूरचं आहे. जवळचं उत्तर हवं असेल तर आनुवंशिक हृदयविकारावर काम करणारे जीनोमिक्स संशोधक दिवसभर काय करतात ते बघावं लागेल. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण हे काम जितकं वाचलं तितकं एक गोष्ट पटत गेली: डीएनए रिपोर्टवर ‘धोकादायक’ किंवा ‘निर्धोक’ असं जे लेबल येतं, ते एकट्या तुमच्या डीएनएतून येत नाही. तुमची तुलना कोणाशी केली, त्यावर ते ठरतं. तुलनेच्या यादीत तुमच्यासारखी माणसंच नसतील तर लेबल चुकू शकतं.

आधी आजार समजून घेऊ

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एचसीएम. यात हृदयाचा स्नायू, विशेषतः डाव्या कप्प्याची भिंत, कारण नसताना जाड होते. अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींना दम लागतो, चक्कर येते. आणि थोड्या जणांच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजे मैदानावर अचानक कोसळणं. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे जी कारणं सापडतात, त्यातलं हे एक ठळक कारण.

साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो असं मानलं जातं. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात सरासरी सहा जण. अनेकदा तो आनुवंशिक असतो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाकडे दोषी बदल असला तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता ५० टक्के. नाणं उडवल्यासारखं.

१९९० मध्ये हार्वर्डच्या ख्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने एचसीएमला कारणीभूत असलेला पहिला जनुकीय बदल शोधला, एमवायएच-७ या जनुकात. पुढे एमवायबीपीसी-३ हे दुसरं महत्त्वाचं जनुक सापडलं. हृदयाच्या स्नायूचं आकुंचन नीट व्हावं म्हणून लागणारी प्रथिनं ही दोन्ही जनुकं बनवतात. आपली गोष्ट यातल्या दुसऱ्या जनुकाची आहे.

संशोधक दिवसभर करतात काय?

डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप येत असेल, तर त्यातला बराचसा भाग बाजूला ठेवा. प्रयोगशाळा असतेच, पण कामाचा मोठा हिस्सा लॅपटॉप आणि सर्व्हरवर चालतो: पायथन, आर, लिनक्सचं टर्मिनल आणि प्रचंड फाइल्स.

माणसाचा जीनोम म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. प्रमाण म्हणून मानलेल्या प्रतीशी तुमची प्रत ताडून पाहिली, तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. यातला प्रत्येक फरक म्हणजे एक ‘व्हेरिएंट’. कोरोनामुळे हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय. त्यातले जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. संशोधकाचं काम म्हणजे या ढिगातून तो एक, किंवा ‘एकही नाही’, हे शोधणं.

चाळण्या अशा लागतात. हा फरक हृदयाशी संबंधित जनुकात आहे का? त्याने प्रथिन बिघडेल का? घरातल्या आजारी माणसांत तो आहे आणि निरोगी माणसांत नाही, असं दिसतं का? आणि सगळ्यात कामाची चाळणी: सर्वसामान्य लोकांमध्ये तो किती जणांत आढळतो?

ही शेवटची चाळणी साधं गणित आहे. आजार ५०० तल्या एकाला होतो. एखादा व्हेरिएंट ५०० पैकी २० लोकांकडे असेल, तर तो एकटाच आजार घडवत असेल असं म्हणता येत नाही. तसं असतं तर आजारीही २० च्या आसपास दिसले असते. म्हणजे जितका कॉमन तितका संशय कमी.

शेवटी प्रत्येक व्हेरिएंटला पाचपैकी एक लेबल मिळतं: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निर्धोक, निर्धोक. ही पद्धत २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी ठरवली आणि आज जगभर वापरली जाते. मधलं ‘अर्थ अनिश्चित’ हे लेबल डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही नकोसं वाटतं, पण प्रामाणिक रिपोर्टमध्ये ते वारंवार येतं.

४ टक्क्यांची गोष्ट

२००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एक मोठा शोधनिबंध आला. पेरुंदुराई धंदापाणी, हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी. एमवायबीपीसी-३ जनुकातली २५ अक्षरं काही भारतीयांमध्ये गायब असतात, असं त्यांनी दाखवलं. हृदयाच्या स्नायूचा आजार असलेले ८०० रुग्ण आणि ७०४ निरोगी माणसं यांची तुलना केली, तेव्हा हा बदल रुग्णांमध्ये खूपच जास्त निघाला. शक्यतांचं गुणोत्तर सुमारे ७. आणि देशभरातल्या लोकसंख्येत तो किती? सुमारे ४ टक्के.

हे काम साधं नव्हतं. दक्षिण आशियात एवढा पसरलेला बदल पाश्चात्त्य डेटात जवळपास दिसतच नव्हता. भारतीयांचे नमुने भारतीयांनीच तपासले म्हणून तो नजरेत आला. पण मथळे कसे झाले असतील ते ओळखा: कोट्यवधी भारतीयांच्या जनुकातच हृदयविकार.

आता वरचं गणित आठवा. ४ टक्के म्हणजे ५०० तले २०. इथे काहीतरी जुळत नव्हतं. हा तुकडा धोका थोडा वाढवत असेल, किंवा उतारवयात त्रास देत असेल, किंवा त्याच्या आडून दुसरंच कोणी काम करत असेल.

पुढच्या दहा वर्षांत तिसरी शक्यता पुढे आली. २०१८ मध्ये अमेरिकेत शक्तिवेल सदयप्पन यांच्या गटाने तिथल्या दक्षिण आशियाई लोकांचा अभ्यास केला. २५ अक्षरं गायब असलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाकडे त्याच जनुकात आणखी एक बदल होता, आणि हृदयाच्या कामातला फरक या ‘दोन बदल’वाल्यांमध्ये दिसत होता. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या नेतृत्वाखालच्या एका गटाने एचसीएमच्या रुग्णांचा डेटा पुन्हा तपासला. त्यांना याच जनुकात दुसऱ्या ठिकाणी एका अक्षराचा दुर्मीळ बदल सापडला, जो प्रथिनाची कृती वाचण्यातच गोंधळ घालतो. तो असलेल्यांचा हिशोब वेगळा काढल्यावर, नुसती २५ अक्षरं गायब असलेल्यांमध्ये एचसीएमचा जास्तीचा धोका उरला नाही.

सोपं करून सांगतो. गावात चोऱ्या होतात, आणि चोरी झाली की एक ठरावीक माणूस एसटीतून उतरताना दिसतो. सगळे म्हणतात, हाच चोर. नंतर कळतं की त्याच एसटीने कधीकधी दुसरा एक जण येतो, आणि चोऱ्या फक्त तो आला त्या दिवशीच होतात. पहिला माणूस रोजचा साधा प्रवासी. जनुकातही असंच होतं. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेले बदल पिढ्यानपिढ्या एकत्र प्रवास करतात. नमुना लहान असला की सोबतच्या प्रवाशावर आळ येतो.

उतारवयात हृदय कमकुवत होण्यात या २५ अक्षरांचा काही वाटा आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर काम चालू आहे. पण तरुण वयातल्या एचसीएमपुरतं बोलायचं, तर ‘४ टक्के भारतीयांच्या डोक्यावर टांगती तलवार’ हे चित्र टिकलं नाही. २००९ चं निरीक्षण खोटं नव्हतं. त्याचा अर्थ लावायला जास्त डेटा लागत होता, आणि तो यायला दशक गेलं.

लेबल चुकलं तर काय बिघडतं?

खूप काही. घरात एकाला एचसीएम निघालं आणि ‘हा व्हेरिएंट कारण आहे’ असं लेबल लागलं, की भावंडांची आणि मुलांची तपासणी त्या व्हेरिएंटसाठी होते. ज्याच्याकडे तो आहे, त्याला जोरकस खेळ बंद, दरवर्षी चाचण्या आणि कायमची भीती. ज्याच्याकडे नाही, त्याला सांगतात, ‘तू सुटलास, पुन्हा यायची गरज नाही.’

आता समजा, लेबलच चुकीचं होतं. मग पहिला उगाच अडकला. आणि दुसरा? खरं कारण वेगळंच असेल, तर ते त्याच्याकडे असू शकतं, आणि त्याला मात्र घरी पाठवलेलं असतं. जास्त धोका या दुसऱ्याला आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या अर्जुन मनराई आणि सहकाऱ्यांनी एचसीएमचे जुने जनुकीय रिपोर्ट तपासले. काही व्हेरिएंट ‘रोगकारक’ म्हणून कळवले गेले होते, आणि ते मिळालेल्यांत आफ्रिकी वंशाचे रुग्ण होते. प्रत्यक्षात ते व्हेरिएंट कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये बरेच कॉमन आणि निर्धोक निघाले. मूळ अभ्यासांच्या तुलनेच्या यादीत कृष्णवर्णीय माणसं थोडी जरी घेतली असती, तरी ही चूक टळली असती, असं त्यांनी गणिताने दाखवलं. इथे कोड बरोबर होता, टेस्ट डेटा अपुरा होता. आमच्या क्षेत्रात यामुळे ॲप क्रॅश होतं. इथे एका कुटुंबाला चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगितली जाते.

मग एआय हे सोडवेल ना?

थोडंफार. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडने ‘अल्फामिसेन्स’ आणलं. प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारे जे ७ कोटी १० लाख संभाव्य बदल आहेत, त्यातल्या ८९ टक्क्यांवर त्याने ‘बहुधा घातक’ किंवा ‘बहुधा निर्धोक’ असा अंदाज दिला. संशोधकांना कुठे आधी बघायचं हे ठरवायला हे फार उपयोगी आहे.

पण आपल्या गोष्टीत बघा. २५ अक्षरांचा गायब तुकडा हा अमिनो आम्ल बदलणारा बदल नाही. तो जनुकातल्या अशा भागात आहे जो प्रथिन बनताना कापून टाकला जातो. २०२० मध्ये सापडलेला एका अक्षराचा बदलही तशाच भागातला. म्हणजे अल्फामिसेन्सच्या कक्षेतच हे दोन्ही येत नाहीत. नवी मॉडेल्स अशा भागांकडेही बघू लागली आहेत, पण मॉडेल देतं तो अंदाज असतो. ‘हा बदल आपल्याकडे ४ टक्के लोकांत आहे’ हे सांगायला माणसांचे नमुनेच घ्यावे लागतात.

इथे जीनोम इंडियाचा संबंध येतो

जगभरचे संशोधक व्हेरिएंट किती कॉमन आहे ते बघायला ‘नोमॅड’ नावाचा खुला डेटाबेस वापरतात. त्याच्या २०२३ च्या आवृत्तीत ८ लाखांहून जास्त लोकांचा डेटा आहे. त्यात दक्षिण आशियाई वंशाचे सुमारे ४५ हजार, म्हणजे ६ टक्क्यांहूनही कमी. जगाच्या लोकसंख्येत मात्र आपण जवळपास पाव हिस्सा.

शिवाय ‘दक्षिण आशियाई’ हा एकच डबा करून भागत नाही. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली. त्याचा जनुकीय परिणाम मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात २६३ दक्षिण आशियाई समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत ‘थोड्याच पूर्वजांपासून वाढलेला समाज’ ही खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. हे दोन्ही समाज याच कारणासाठी जगभर अभ्यासले जातात. अर्थ असा, की एखादा घातक बदल एका समूहात कॉमन आणि शेजारच्या समूहात शून्य असू शकतो. सोयरीक जुळवताना पत्रिकेत जात बघणाऱ्या समाजाने ही दुसरी बाजूही बघायला हवी.

जीनोम इंडियाने ८३ समूहांतून नमुने घेतले, हे त्याचं बळ. मर्यादाही तिथेच आहे. १० हजार भागिले ८३ म्हणजे एका समूहामागे सरासरी १२० माणसं. हजारात एकाकडे असणारा बदल १२० जणांत बहुतेक वेळा दिसणारच नाही. आणि नुसता जीनोम असून भागत नाही. कोणाच्या हृदयाची भिंत जाड आहे, कोणाच्या घरात कोण अचानक गेलं, ही माहिती जीनोमशी जोडली तर लेबल ठरतं. त्यामुळे पुढचं काम सिक्वेन्सिंग मशीनइतकंच जिल्हा रुग्णालयातल्या इकोच्या खोलीत आहे. आणि कोडवाल्या माणसांचंही. पुण्याच्या विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचा एमएससी आहे, सी-डॅकमध्ये या विषयाचा गट आहे. इंजिनिअरिंग करून ‘फक्त आयटीच का?’ असं वाटणाऱ्यांनी हे क्षेत्र जरूर बघावं.

आणि डेटा कुणाचा?

डीएनए किट विकणाऱ्या ‘२३अँडमी’ कंपनीचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये जवळपास ६९ लाख ग्राहकांची माहिती हॅकर्सच्या हाती गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेवटी सहसंस्थापक ॲन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. पण मधले काही महिने सुमारे दीड कोटी लोकांचा डीएनए डेटा लिलावातली मालमत्ता होता. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही, आणि त्यात तुमच्या भावंडांचा निम्मा हिस्सा असतो, ज्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या २०१९ च्या मसुद्यात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. अंतिम कायद्यात ती वेगळी श्रेणीच नाही. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारायला बंदी आहे. जीवन विमा मात्र त्यातून सुटलाय. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण तर नेमकं याच आजाराचं होतं. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या पॉलिसीधारकाचा दावा ‘जनुकीय आजार’ म्हणून नाकारला गेला होता. अशी सरसकट वगळण्याची अट भेदभाव करणारी आहे असं न्यायालयाने म्हटलं. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला. लोकांनी संशोधनासाठी डीएनए द्यावा असं वाटत असेल, तर ‘याचा वापर आमच्याविरुद्ध होणार नाही’ ही हमी कायद्यात लिहिलेली हवी.

तुम्ही आत्ता काय करायचं?

• घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का, हे आजी-आजोबांना, आत्या-मामांना विचारा. ‘झोपेतच गेला’, ‘पोहताना बुडाला, पण पोहता तर येत होतं’ अशा आठवणींकडे लक्ष द्या. ही माहिती कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

• असा इतिहास असेल, किंवा खेळताना चक्कर येत असेल, शुद्ध हरपली असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञ, ईसीजी आणि इको. जनुकीय चाचणी त्यानंतर, आणि शक्यतो घरातल्या आजारी व्यक्तीची पहिली. स्मार्टवॉचचा ईसीजी स्नायूची जाडी मोजत नाही. तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

• ऑनलाइन किट घेण्याआधी विचारा: पूर्ण सिक्वेन्सिंग आहे की चिप? स्वस्त चिप ठरावीक जागाच तपासते. २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या अभ्यासात, लाखात एकाहूनही कमी लोकांत असणारे व्हेरिएंट चिपने ‘सापडले’ म्हटल्यावर त्यातले फक्त १६ टक्के खरे निघाले.

• ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे धोकादायक नाही आणि निर्धोकही नाही. त्यावरून खेळ सोडू नका, औषध सुरू करू नका. दोन-तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासून घ्या. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही, डेटाबेस मात्र बदललेला असतो.

• रिपोर्टची पीडीएफ चॅटबॉटमध्ये टाकण्याआधी थांबा. तो शब्दांचा अर्थ सांगेल, पण तुमच्या काकांचा इको त्याने पाहिलेला नाही.

रिपोर्टवर तारीख असते, तशी त्यामागच्या माहितीलाही तारीख असते. २००९ चं लेबल २०२० मध्ये बदललं, कारण कोणीतरी जास्त माणसं मोजली, आणि त्यात आपली माणसं होती. जीनोम इंडियाकडे मी म्हणूनच अभिमानाच्या मथळ्यापेक्षा एका अपूर्ण यादीसारखं बघतो. दहा हजार नावं झाली आहेत, आणि त्यापुढे कोणाची नावं येतात यावर पुढच्या पिढीचे रिपोर्ट ठरणार आहेत.